मश मुरादचं पहिलं नको

माणसाला जगायला काय काय लागतं, हे आमच्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात दरवर्षी नव्या सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर काढून दाखवतात. एक त्रिकोण. तळाशी अन्नपाणी आणि झोप. त्यावर डोक्यावरचं छप्पर, जिवाची निर्धास्ती. त्यावर आपली माणसं, त्यावर मान, आणि अगदी टोकाला, अंगात जे जे आहे ते सगळं फुलवणं. खालचा मजला भरल्याशिवाय वरची भूक लागत नाही म्हणे. मी या विभागाची कारकून, ताहेरे; सगळे मला खानम, म्हणजे बाई, म्हणतात. त्या त्रिकोणाच्या नोट्स टाइप करण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यामुळे तो मला झोपेतही काढता येईल. पण ज्या कुणा अमेरिकन पंडिताने तो काढला, त्याने इराणात, आमच्या शिराजमध्ये, आमच्या चहाच्या खोलीत महिनाभर मुक्काम करायला हवा होता, असं माझं मत आहे. माझं मत कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

मश मुराद आमच्या विभागाचे चहावाले. पूर्ण नाव खोदामुराद. मर्वदश्तकडच्या एका खेड्यातून विशीत शहरात आले. आधी कॉलेजच्या बागेत पाणी घालायचे, मग कुणीतरी त्यांना समोवारसमोर, म्हणजे चहाच्या बंबासमोर, उभं केलं आणि ते तिथेच रुजले. बायकोला घेऊन एकदा मशहदची यात्रा करून आले, तेव्हापासून नावाआधी ‘मश’ लागलं. बायको पुढे वारली. एकुलती मुलगी गोलंदाम लग्न होऊन बंदर अब्बासला गेली. घर लहान पण स्वतःचं, अंगणात नारिंगाचं झाड. त्रिकोणाच्या हिशेबाने खालचे दोन मजले भक्कम.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते समोवार पेटवायचे. मग तबक घेऊन एकेका दाराशी. आत बायका असोत नसोत, उंबऱ्याबाहेर थांबून ‘या अल्ला’ म्हणायचे, खाकरायचे, मगच आत. एखादी पोरगी नापास होऊन रडत बसली असेल तर तिच्या पेल्यात केशरी खडीसाखरेची काडी. दोन प्राध्यापकांचं वाजलं असेल तर त्या दिवशी दोघांचा चहा एकाच टेबलावर मांडलेला, कुणाच्याही खोलीत यायचा नाही. बोलणं फार नव्हतंच त्यांचं. मी सासूशी भांडून आले की आधी चहाच्या खोलीत जायची आणि मग माझ्या टेबलाशी.

रमजानात मात्र त्यांचे हाल बघवत नसत. उपासाचे नव्हेत, उपास ते हसत करायचे. समोवार थंड पडायचा, त्याचे. महिनाभर ते खोलीत बसून पुसलेलेच पेले पुन्हा पुसायचे. मी एकदा विचारलं, भूक लागते का फार? तर म्हणाले, भुकेचं काय खानम, ती संध्याकाळी भागते. पण दिवसभर हात कशाला लावू तेच कळत नाही. मी हसले. तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

आता विभागप्रमुख डॉक्टर मोअय्यदी. माणूस भला, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना पुष्कळ बोलणार आहे. त्रिकोण जुना झाला असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे नवीन सिद्धांत होता. माणसाला मुळात तीनच गोष्टी लागतात: आपल्या मर्जीने वागता येणं, हातून काहीतरी नीट होणं, आणि कुणाचं तरी असणं. त्यांतलं मर्जीचं प्रकरण त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. आपल्या देशात बाप मुलाच्या मर्जीवर बसतो, यजमान पाहुण्याच्या, आणि आग्रह करकरून आपण एकमेकांना गुदमरवतो, असं ते वर्गात सांगायचे. पोरं मान डोलवायची आणि बाहेर पडून दारात ‘आधी तू, आधी तू’ करत खोळंबायची.

मश मुरादच्या निवृत्तीची वेळ आली तेव्हा याच डॉक्टरांनी वरच्या कचेरीत खेटे घालून त्यांच्यासाठी मंजुरी आणली. आणखी काही वर्षं त्यांना ठेवता येणार होतं. फक्त त्यांनी हो म्हणायचं. डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं तेव्हा मी तिथेच कपाट आवरत होते.

“मश मुराद, तुमची मुदत संपली तरी राहता येईल. मी वर बोललोय. राहाल का?”

मश मुरादनी छातीवर हात ठेवला, नजर खाली. “तुमची सावली आमच्यावर राहो, डॉक्टरसाहेब. पुष्कळ त्रास दिला तुम्हाला. आता एखाद्या तरुण पोराला भाकरी मिळू द्या. मला नको.”

त्यांचे कान आनंदाने लाल झाले होते. ते मी पाहिलं. डॉक्टरांनाही दिसले असणार.

आता आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल की हे नको म्हणजे नको नव्हे. आमचा खाटीकसुद्धा मांस बांधून झाल्यावर पैसे नको म्हणतो, म्हणून काय कुणी तसंच घरी जातं? पहिलं नको हे नुसतं दार लोटून घेणं असतं, कडी लावलेली नसते. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारायचं होतं. मश मुराद म्हणाले असते, आता हात थरथरतो. मग तिसऱ्यांदा, जरा रागावून, आपल्या जिवाची शपथ घालून विचारायचं. त्यावर ते म्हणाले असते, तुमचा शब्द मोडवत नाही, आणि झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणा हवं तर. पण आमच्याकडे माणसाची अर्धी अब्रू त्या लपवलेल्या भांड्यातच असते.

डॉक्टर उठले. दोन्ही हातांनी त्यांनी मश मुरादचा हात धरला आणि म्हणाले, “तुमची मर्जी. मी तिचा मान राखतो.”

मश मुराद क्षणभर तसेच उभे राहिले. आणखी काही येतंय का म्हणून थांबले होते बिचारे. मग वाकून, टेबलावरचा रिकामा पेला उचलून निघून गेले.

दार लागल्याबरोबर मी तोंड सोडलं. म्हटलं, डॉक्टरसाहेब, पुन्हा बोलवा त्यांना, अजून दोनदा विचारायचंय तुम्हाला. डॉक्टर चिडले नाहीत, तेच तर वाईट. शांतपणे मला समजावत बसले. त्यांना हा उपचार कळत नाही असं थोडंच होतं, तेही शिराजचेच. पण ही खोड कुठेतरी मोडायला नको का? एका शहाण्या, वयस्क माणसाने स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं आहे. ते नाही हलकं धरायचं म्हणजे त्याला लहान मूल समजायचं. आपण एकमेकांचा नकार खरा धरू लागलो तरच माणसं खरं बोलायला शिकतील.

मी म्हटलं, शिकतील हो, शिकतील. पण तुमच्या त्या शिक्षणाची सुरुवात मश मुरादपासून कशाला? ते हसले आणि कामाला लागले. मी हात टेकले.

मंजुरी तशीच विरली. वरच्या कचेरीने चहावाल्याची जागाच बंद करून टाकली आणि मार्गिकेत एक यंत्र आणून ठेवलं. बटण दाबलं की कागदी पेल्यात तांबूस पाणी. निरोपाच्या दिवशी मश मुरादना गालिचा मिळाला, भाषणं झाली, त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. चहाच्या खोलीत खुर्च्या आणि जुने खोके भरले गेले.

दोनेक महिन्यांनी ते एकदा आले. पिशवीभर नारिंगं घेऊन, इस्त्रीचा कोट घालून. सगळे उठून उभे राहिले. त्यांना माझ्या टेबलासमोरच्या चांगल्या खुर्चीत बसवलं. ते उठू लागले तर एक तरुण प्राध्यापक प्रेमाने म्हणाला, बसा हो, आता तुम्ही पाहुणे. आणि धावत जाऊन यंत्राचा चहा घेऊन आला. मश मुरादनी तो दोन्ही हातांत धरला, वाहवा केली, त्याच्या आईवडलांना दुवा दिला. ते गेल्यावर पेला कुंडीच्या मागे सापडला, भरलेला. त्यानंतर ते आले नाहीत.

वर्षअखेरीला गोलंदामचा मला फोन आला. ती माहेरी येऊन राहिली होती. बाबा जेवत नाहीत, म्हणाली. दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. कोट अंगावर लोंबायला लागलाय. दवाखान्यात नेऊन रक्त, छाती, पोट, सगळं बघून झालं, कुठे काही नाही. आपल्याबरोबर बंदरला चला म्हटलं तर नको म्हणतात. “आणि खानम, ते नको खरं आहे, मी दहादा विचारून पाहिलंय. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात. कुणी येणार आहे का म्हटलं तर नाही म्हणतात.”

फोन ठेवला आणि मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग. पोट भरलेलं, घर स्वतःचं, दर महिन्याला पेन्शन. खालचे मजले भरलेत, मग वरची भूक लागलीय म्हणायचं, की काय? आणि वरच्या भुकेने खालची भूक मारून टाकली तर तो त्रिकोण कुठे टेकवायचा? मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, पण खानम, आता जागाच नाही, मी काय देऊ? मी म्हटलं, काही देऊ नका, नुसतं बघून या. त्यांना वाटू दे की कुणी आलं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी आम्ही गेलो, मिठाईचा डबा घेऊन. गोलंदामने दार उघडलं. मश मुराद उठून उभे राहिले आणि डॉक्टरांना पाहून मागे, आत, भिंतीकडे बघू लागले, कुठे बसवू आणि काय करू ते सुचेना. त्यांच्या घरचा समोवार कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला होता. चहा गोलंदामने आतून किटलीत करून आणला. बोलणं सगळं रिवाजाचं. तब्येत, हवा, पोरंबाळं. डॉक्टर अवघडून गेले होते. मी बघत होते, त्यांची नजर सारखी त्या सैल झालेल्या कोटावर जात होती.

निघताना दारात पुन्हा तेच. तुम्ही पुढे, नाही तुम्ही. डॉक्टरांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि सुचत नव्हतं. अशा वेळी माणूस काय बोलतो? तोंडात जे तयार असतं ते. इतकी वर्षं वर्गात ज्याच्याविरुद्ध बोलले, तेच त्यांच्या तोंडून आलं.

“तुमच्याशिवाय विभागात उजेड नाही, मश मुराद. तुमची जागा तुमची वाट बघतेय. या ना, उद्यापासून या.”

जागा नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक. पण काय, असं दारात सगळेच म्हणतात. राहा ना, जेवून जा, घर तुमचंच आहे. ऐकणारा म्हणतो, तुमची कृपा, आणि चपला घालून निघतो. कुणी राहत नाही, कुणी जेवत नाही. मश मुराद छातीवर हात ठेवून तुमचा गुलाम आहे म्हणतील, आणि दार बंद होईल, असं मी धरून चालले होते.

मश मुराद म्हणाले, “बरं. उद्या शनिवार, आठवड्याचा पहिलाच दिवस. येतो.”

गोलंदाम मागून ओढणीच्या टोकाने डोळे पुसायला लागली, आनंदाने. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला.

गाडीत ते म्हणाले, तेही उपचारानेच म्हणाले असतील ना? मी म्हटलं, खरं विचारायचं होतं तेव्हा एकदा विचारून गप्प बसलात. आणि आज पोकळ बोललात, तर इतकं गोड बोललात. उद्या तो माणूस येणार आहे. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकवून बसले. मला त्यांचा कळवळा आला, पण मी तो दाखवला नाही.

शनिवारी मी लवकर गेले. मश मुराद माझ्याही आधी हजर. पहारेकऱ्याने ओळखीने आत सोडलं होतं. चहाच्या खोलीतल्या खुर्च्या आणि खोके बाहेर मार्गिकेत रचलेले होते, बाह्या वर सरसावलेल्या, आणि घरचा समोवार टॅक्सीत घालून आणलेला. मला बघून म्हणाले, धूळ किती साचू दिलीत खानम.

डॉक्टर आले. मार्गिकेच्या तोंडाशी थांबले. रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी ठरवलं होतं की खरं सांगायचं, तसं त्यांनी मला सकाळीच फोनवर सांगितलं होतं. खरं ऐकणं हा माणसाचा हक्क आहे वगैरे. ते चहाच्या खोलीपाशी गेले. मश मुरादनी तबकावर पेला ठेवून पुढे केला. डॉक्टरांनी पेल्याकडे पाहिलं, त्या हातांकडे पाहिलं. मग चहा घेतला, तिथेच उभ्याने प्यायले आणि खोलीत निघून गेले. दार लावून घेतलं. तासाभराने वरच्या कचेरीत गेले आणि पडक्या चेहऱ्याने परत आले. जागा बंद म्हणजे बंद.

पुढे काय झालं ते कुणी ठरवलं असं नाही. यंत्र बिघडलं. कसं बिघडलं ते मला विचारू नका, आणि डॉक्टरांनाही विचारू नका. दुरुस्तीला कुणी बोलावलं नाही. महिनाअखेरीला आम्ही सगळे मिळून साखर-चहाचे म्हणून काहीतरी मश मुरादच्या हातावर ठेवायला गेलो, तर त्यांनी एकदा, दोनदा, तीनदा, चारदा नको म्हटलं. पाचव्यांदा विचारायला आमची जीभ रेटली नाही. गोलंदाम बंदरला परत गेली. फोनवर सांगायची, बाबांनी परवा कोबीचा पुलाव दोनदा वाढून घेतला. डॉक्टर मात्र मश मुरादसमोर मान वर करून बोलत नसत. आपण या माणसाला फसवलं, तो आपल्या शब्दावर जगतोय, आणि शब्द खोटा होता, हे त्यांना खात होतं. त्या वर्षी त्यांनी मर्जीवरचं व्याख्यान दिलं, पण अर्ध्यातच थांबवलं.

दीड वर्ष मश मुराद येत राहिले. शेवटच्या वर्षी, वसंत लागता लागता, नौरोजच्या म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीआधी, पोरं घरी गेलेली, विभाग रिकामा. ते चहाच्या खोलीची झाडलोट करत होते, मी दारात स्टूल घेऊन बसले होते. तब्येत उतरली होती त्यांची, या वेळी खरोखरची, छातीत दुखायचं. मला वाटलं, आता तरी बोलावं. मी घसा साफ केला. म्हटलं, मश मुराद, त्या शुक्रवारी डॉक्टर तुमच्याकडे आले होते ना, दारात ते जे बोलले...

“पोकळ होतं,” मश मुराद म्हणाले. पेला पुसतच होते. “मला माहीत आहे.”

मी स्टूल पुढे ओढलं.

“आयुष्यभर दारांबाहेर तबक घेऊन उभा राहिलोय, खानम. कुणाचं ‘या’ खरं आणि कुणाचं तोंडदेखलं, एवढं कळणार नाही का मला? डॉक्टरांच्या डोळ्यांत दिसत होतं. बिचारे दारातून लवकर सुटायला बघत होते.”

“मग हो कसं म्हणालात?”

त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

“पहिल्यांदा ते खरं विचारत होते, तेव्हा मी अब्रूसाठी नको म्हणालो. त्या अब्रूने मला घरी बसवून उपाशी मारलं. गोलंदामची आई गेली तेव्हाही मी जेवत होतो, खानम, लाज वाटते सांगायला, पण जेवत होतो. कारण सकाळी इथे यायचं असायचं. मग तुम्ही दोघं आलात. मला वाटलं, खोटं तर खोटं. भुकेल्या माणसाने वाढणाऱ्याचं मन बघायचं नसतं. म्हटलं, अब्रू जाऊ दे, त्यातला पोकळपणा मला ऐकूच आला नाही असं करतो आणि खातो.”

“इतके दिवस ते मान खाली घालून फिरताहेत,” मी म्हटलं. “त्यांना सांगू का?”

“नका सांगू. मी समजून उमजून आलो हे कळलं तर मी भिकारी ठरतो. मी फसलो असं वाटतंय तोवर ते माझे देणेकरी आहेत.” मग जरा थांबून, जरा लाजूनच म्हणाले, “तेवढा मान राहू दे मला.”

समोवार उकळायला लागला होता. त्यांनी चहा ओतला आणि तबकावर ठेवून माझ्यापुढे धरला. मी आमच्या रीतीप्रमाणे साखरेचा खडा दातांत धरला, म्हणजे काही बोलावं लागू नये, आणि ते उभे आहेत तोवर सगळा पेला संपवला.